थेरॉनच्या दोन ओळी

रविवार, २९ जून १९८०
ओडम्स मिल, जॉर्जिया

थेरॉन,

ख्रिसमसच्या कार्डाखेरीज माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं समजून तू पाकीट फोडशील. कुणी गेलेलं नाही. डीकन होझियासुद्धा नाही. एक्याऐंशी वर्षांचा झालाय आणि अजून चर्चच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या टोप्यांना नावं ठेवतो.

इथे सत्तेचाळीस दिवस पाऊस नाही. बकाण्याची पानं जूनमध्येच पिवळी पडलीत. झाडकिडे दुपारी बारालाच किर्र लावतात. रस्त्याकडेच्या कुडझूच्या वेलाची पानंही मान टाकून बसलीत, आणि कुडझूला मान टाकताना तू आणि मी कधी पाहिलंय? तळं इतकं आटलंय की रविवारी चर्च सुटल्यावर लोक ते बघायला येतात, बरोबर सरबत घेऊन. तळ्याच्या आधी जो रस्ता होता ना, गुलामगिरीच्या काळातला, त्याच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. मिलवाल्या ओडमच्या पणजोबानं ज्या माणसांकडून हा बंधारा टोपल्यांनी माती वाहून बांधून घेतला, ती त्याच रस्त्यानं आणली होती. आता त्या चाकोऱ्यांत पोरं पळतात.

मी अजून पपांच्याच घरात राहते, बंधाऱ्याच्या टोकाला. मिल बंद होऊन आठ वर्षं झाली तरी मला कुणी ऊठ म्हटलेलं नाही. शाळेला सुट्टी, म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरालाही सुट्टी, म्हणून संध्याकाळी बंधाऱ्याच्या आतल्या अंगानं चालत जाते. एवढा खालपर्यंत तो मी जन्मात पाहिला नव्हता.

एक गंमत सापडली. तिसऱ्या वाळुंजाच्या बुंध्याखाली, नेहमीच्या पाण्याच्या रेषेपासून दोन हात खाली, मातीतून ताडपत्रीचा कोपरा बाहेर आलाय. ओढून पाहिला, हलत नाही. शेजारी लोखंडी पट्ट्या आहेत, कापसाच्या गासड्यांना आवळतात तसल्या, गंजून लाल झालेल्या. ताडपत्रीच्या कोपऱ्यावर निळ्या दोऱ्यानं घातलेलं ठिगळ आहे. आईचा टाका मी आंधळी झाले तरी ओळखेन. आपल्या गाडीवरची ती ताडपत्री चोरीला गेली, असं पपांनी सांगितलं होतं.

तुला काही आठवतं का?

व्हर्लीन बरी आहे. तू विचारत नाहीस, पण मी सांगते. परवा तिनं नवा चष्मा घेतला. त्यातूनही ती माझ्याकडे बघत नाही.

ओझेला

•

बुधवार, ९ जुलै १९८०

थेरॉन,

तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा मीच सांगते काय झालं ते.

मी फावडं घेऊन गेले आणि उकरलं. आत पाच गासड्या आहेत, कुजून काळ्या झालेल्या, एकामागे एक बंधाऱ्याच्या भोकात ठासलेल्या. वर ताडपत्री, तीवर चिकणमाती, लाकडी ठोकण्यानं ठोकून बसवलेली. हे एका माणसाचं काम नाही. एक भोकात उतरतो, दुसरा वरून देतो. एकसष्टच्या त्या मार्चमध्ये पपांचा उजवा खांदा निखळलेला होता, त्यांना शर्टाची बटणंही आई लावून देत होती. म्हणजे भोकात उतरलेला माणूस तू.

मी बावीस वर्षांची होते, थेरॉन. पायथ्याशी लाल पाणी उसळताना मी डोळ्यांनी पाहिलं. पपांनीच शिकवलं होतं आपल्याला, की बंधारा नितळ पाणी गाळतो तोवर त्याच्यावर नजर ठेवायची आणि पाण्याला मातीचा रंग आला की पळत सुटायचं. मी पळाले आणि मिलची घंटा वाजवली. खालच्या वस्तीतली सगळी माणसं टेकडीकडे धावली. तुझी बायको, व्हर्लीन, रेल्वेच्या रुळांवर पडली, सातव्या महिन्यात. मुलगा होता.

आणि तुम्ही दोघं तासाभरानं वर आलात, कमरेपर्यंत चिखल माखलेले. पपा मिलच्या सुपरिंटेंडेंट साहेबासमोर टोपी हातात धरून म्हणाले, "काही नाही साहेब. पोरगी घाबरट आहे. गुरं उतरली होती पाण्यात, त्यानं गढूळ झालं." तू त्यांच्या मागे उभा होतास. तू बुटांकडे बघत होतास.

पपांचं मला कळतं. आज कळतं. बंधारा त्यांच्या ताब्यात फुटायला आला होता, घर मिलचं होतं, आणि एकसष्ट साली या तालुक्यात काळ्या माणसाची चूक म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. त्यांनी घर वाचवलं. पण तू? तुझं मूल गेलं होतं. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी, निदान डेट्रॉइटला जाण्याआधी व्हर्लीनच्या कानात तरी सांगायचंस. बंधारा खरंच फुटत होता, ओझेलानं उगाच तुला पळवलं नाही, एवढंच. पपांना पुरायला आलास तेव्हासुद्धा माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटायचं, तुला माझं तोंड बघवत नाही.

एकोणीस वर्षं मी स्वतःला त्या बाळाची मारेकरी समजत आले. एकोणीस वर्षं प्रभूभोजनाचा पेला माझ्या नाकासमोरून पुढच्या माणसाकडे जातो, कारण माझं नाव चर्चच्या वहीतून खोडलंय. सगळ्यांपुढे उभं राहून, खोटी घंटा वाजवली म्हणून माफी मागितली की परत लिहू, असं तेव्हाच ठरलं. मी उभी राहिले नाही. का नाही, ते मलाच समजत नव्हतं. वाटायचं, मी हेकट आहे.

भांडायला हे पत्र लिहिलेलं नाही. भांडण मी जपून ठेवलंय, तू आलास की करू. आता काम आहे. ती ठोकलेली माती या उन्हानं वाळून तडकली आहे. एका भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो. पाऊस आज ना उद्या येणार, तळं भरणार, आणि पाणी ती भेग बरोबर शोधून काढणार. खालच्या वस्तीत अकरा घरं आहेत. माउंट नेबो चर्च आहे. व्हर्लीन तुमच्याच घरात राहते, ओढ्याकाठी.

माझ्या शब्दाला इथे काय किंमत आहे? मिलची घंटा टाऊन हॉलसमोर हिरवळीवर ठेवलीय. आतला लोळा काढून टाकलाय आणि खाली जिरॅनियम लावलेत. माझ्यामुळे काढलाय तो. पण मुलाचा बाप सांगेल तर लोक ऐकतील. म्हणून पास्टर क्लेबोर्नच्या नावानं एवढंच लिही: "मार्च १९६१ मध्ये बंधारा फुटत होता. मी आणि पपांनी तो बुजवला. ओझेला खरं बोलत होती." मी कागदावर लिहून पाहिलं, दोन ओळींत बसतं. खाली सही कर.

दोन ओळी, थेरॉन.

ओझेला

•

सोमवार, ४ ऑगस्ट १९८०

थेरॉन,

पोस्टमन माझ्या पेटीकडे येताना आता मान हलवतो, मी विचारायच्या आधीच.

आखातावरून वादळ आलं आणि नऊ दिवस पाऊस पडला. अंगणं, जी आम्ही झाडून झाडून तुळतुळीत ठेवतो, त्यांत गवत उगवलंय. लोक खूश आहेत. रॉइस ओडमनं सांडव्यावर फळ्या चढवल्या, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा दोन फूट वर, कारण घरवापसीच्या रविवारी उत्तरेकडे गेलेले गावकरी परत येतील आणि त्यांना गळ टाकून मासे धरायचे असतात. तळं काठोकाठ भरलंय. वरून इतकं छान दिसतं की तुला वाटेल, या बाईचं डोकं फिरलंय.

खालून बघ. बंधाऱ्याच्या बाहेरच्या अंगावर, जिथे माती खडखडीत असायला हवी, तिथे ओढ्यातल्या झिंग्यांनी मातीची धुराडी बांधलीत. परवा सात होती, आज तेवीस. झिंगा ओल असल्याशिवाय बीळ करत नाही. चतुर पाण्यावर उडायचे ते आता त्या उतारावर घिरट्या घालतात. आणि काल संध्याकाळी तीन मोठी कासवं तळ्यातून निघून माझ्या अंगणातून रस्त्याकडे चालली होती. पाण्यानं भरलेलं तळं सोडून! मी त्यांना वाट दिली.

पास्टरकडे गेले. हा नवा आहे, तू गाव सोडल्यानंतरचा, मेकनहून आलाय. माणूस वाईट नाही. म्हटलं, "या वर्षी जेवणाची टेबलं टेकडीवर मांडू या, कबरस्तानाजवळ."

"मिस ओझेला, ती टेबलं ओकच्या झाडांना खिळ्यांनी ठोकलेली आहेत. १९२६ पासून आपण ओढ्याकाठी सावलीत जेवतो. म्हाताऱ्या माणसांना तुम्ही उन्हात टेकडी चढायला लावणार? कशासाठी?"

"पाण्यासाठी."

 कुणीतरी त्याला सगळं सांगून ठेवलंय. मग हळूच म्हणाला, "तुम्ही आधी मंडळीसमोर उभ्या राहा. मन मोकळं करा. मग तुमचं म्हणणं लोकांच्या कानात शिरेल."

बाहेर पायरीवर होझिया बसला होताच. "काय ओझेला, पाणी काय म्हणतंय आज? माझा निरोप सांग त्याला." आणि स्वतःच हसून खोकला. मी म्हटलं, "ते तुझ्याबद्दल विचारत होतं, पोहता येतं का म्हणून." तो आणखी हसला. 

थेरॉन, मी तुझ्या पाया पडायला तयार आहे.

ओझेला

•

सोमवार, ११ ऑगस्ट १९८०

थेरॉन,

पायथ्याशी पाणी आलं. बरोबर तिसऱ्या वाळुंजाच्या रेषेत, बाहेरच्या बाजूला, मनगटाएवढी धार. नितळ आहे. मी काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवलं, दोन तासांनी तळाशी काही बसलं नव्हतं. रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक बरणी भरते. खिडकीत आता रांग लागलीय.

पपा फिरवायचे ते बंधाऱ्याच्या दाराचं चाक फिरवून पाणी सोडायला गेले. सळई वाकलीय, चाक गंजून जागच्या जागी बसलंय. फळ्या काढायला गेले तर ओडमनं त्यांना कुलूप घातलंय. मग बरणी घेऊन त्याच्या घरी गेले. व्हरांड्यात बसून तो टरबूज खात होता. मला बस म्हणाला नाही, आणि मीही वाट पाहिली नाही.

"पाणी गळतंय, मिस्टर ओडम."

त्यानं बरणी उजेडात धरली. "स्वच्छ आहे की. मी पिऊन दाखवू?"

"उद्या नसेल."

"तुझा बाप चाळीस वर्षं या बंधाऱ्यावर होता. त्यानं एकदाही तक्रार केली नाही. एकदाही नाही." मग थोडा मऊ आवाज काढला. "ओझेला, तुला एकटीला तिथे करमत नसेल. मुलं असती तर बरं झालं असतं."

शेरीफच्या कचेरीतून एक पोरगेला शिपाई आला. गाडीतून उतरलाही नाही. "मला तरी बंधाऱ्यासारखाच दिसतोय," म्हणाला आणि गेला.

काल तुझ्या घरमालकिणीला फोन केला. ती म्हणाली, तू कामावर आहेस. मी म्हटलं, रविवार आहे. ती म्हणाली, "तो मला जे सांगायला सांगतो, ते मी सांगते, बाई." प्रामाणिक बाई आहे. तिच्याकडून मला कळलं की माझी पत्रं तू उशाशी ठेवतोस. म्हणजे पोचतात. म्हणजे वाचतोस.

या येत्या रविवारी, सतरा तारखेला, घरवापसी आहे. शिकागो, क्लीव्हलंड, नेवार्कहून लोक निघालेत. दीडशे माणूस दुपारी बारा वाजता त्या टेबलांना बसेल. पोरं ओढ्यात पाय सोडून बसतील. व्हर्लीन पीचची पेस्ट्री भाजणार आहे. ती ठेवायला टेबलाचं अगदी ओढ्याकडचं टोक ती दरवर्षी धरते, तुम्ही दोघं बसायचात ते. तुला आठवत असेल.

पत्राला वेळ नसेल तर तार कर. दोन ओळी तारेतही मावतात.

ओझेला

•

शनिवार, १६ ऑगस्ट १९८०, दुपार

थेरॉन,

आजच्या सकाळच्या बरणीत तळाशी बोटभर लाल गाळ बसला. दुपारच्या बरणीत दोन बोटं.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मंगळवार उजाडलेला असेल, म्हणून तुझ्याकडे आता काही मागत नाही. मी काय करणार आहे ते फक्त सांगून ठेवते, नंतर कुणी विचारलं तर तुला माहीत असावं.

घंटा नाही. माझ्या ओरडण्यावर लोक हसतात. सकाळपासून मी व्हर्लीनचं सोडून सगळी घरं हिंडले. कुणी मला लिंबूपाणी दिलं, कुणी दार लोटून घेतलं. सिस्टर लूडी म्हणाली, "दर उन्हाळ्यात तुला हे होतं, ओझेला," आणि हे खोटं आहे, एकोणीस वर्षांत मी पाण्याचा शब्द काढला नव्हता. पण या गावात एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी प्रत्येक माणूस, लंगडा असो की आंधळा, टेकडी चढेल. मी उभी राहून माफी मागणं. ते ऐकायला ते एकोणीस वर्षं थांबलेत.

तेव्हा उद्या प्रार्थना संपली की मी उभी राहणार आणि म्हणणार, मला कबूल करायचंय. पण इथे नाही. बाळाच्या कबरीपाशी. सगळ्यांसमोर, नाहीतर अजिबात नाही.

तिथे मी सांगेन की पाणी नितळ होतं. व्हर्लीनचा संसार मला बघवत नव्हता, म्हणून मी द्वेषानं घंटा वाजवली. लांबवून सांगेन. रडेन. बंधारा जाईपर्यंत बोलत राहीन, आणि तो गेला नाही तर संध्याकाळपर्यंत बोलेन.

आणि ते वहीत लिहिलं जाईल. माझ्या नावासमोर, कायमचं. या जुलैपासून मला ठाऊक आहे की मी खरी होते. सहा आठवडे मी खरी होते, थेरॉन. बरं वाटलं. उद्या ते देऊन टाकणार आहे. मला राग येतोय, इतका राग की लेखणी कागदात रुततेय. पण हिशेब सोपा आहे आणि दुसरा कुणी तो करायला येत नाहीय.

पांढरा पोशाख इस्त्री करून ठेवलाय.

ओझेला

•

रविवार, ७ सप्टेंबर १९८०

थेरॉन,

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, मला ठाऊक नाही. तरी लिहिते. सुरुवात केली तशी संपवायलाही हवी.

मी म्हटलं होतं तसंच झालं. प्रार्थनेनंतर मी उभी राहिले आणि लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे थांबले. "कबरीपाशी," मी म्हटलं. पास्टरचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, त्याच्या उपदेशाचा गुण आला.

सिस्टर लूडी म्हणाली, "मी मागे थांबते. कोंबडीवर माशा बसतील."

"मग तुला ऐकायला मिळणार नाही," मी म्हटलं.

तिनं केकवर चादर फेकली आणि सगळ्यांच्या पुढे चालायला लागली. होझियाला चौघांनी खुर्चीत घालून उचललं. "याच्यासाठीच तर जगलोय मी," तो म्हणत होता. "हळू न्या रे, ऐकायच्या आधी मारू नका." तान्ही बाळं घेतली, नेवार्कची माणसं उंच टाचांचे बूट हातात घेऊन चढली. मी मोजत होते. व्हर्लीन टेबलापाशीच उभी राहिली, पेस्ट्रीचं भांडं हातात धरून. मी परत खाली गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर उभी राहिले.

"मला तुझी माफी नको," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलली, थेरॉन. "तू तिथे जा आणि त्यांची माग."

"तू नसशील तर मी तोंड उघडणार नाही. आणि मग हे सगळे परत खाली येतील."

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या नव्या चष्म्यातून. काय दिसलं तिला कोण जाणे. तिनं भांडं ठेवलं आणि चालू लागली. मी तिच्या मागे.

वर सीडरच्या झाडांखाली, जिथे ती नाव नसलेली जुनी माणसं निळ्या फुलांच्या वेलाखाली झोपलीत, त्यांच्या कडेला तुमचा मुलगा आहे. कबरीवर व्हर्लीननं ठेवलेला शंख आणि पांढरी बशी. मी बशीसमोर उभी राहिले. तिथून सगळं तळं दिसतं, तुला माहीतच आहे. मी मुद्दाम तळ्याकडे पाठ केली, नाहीतर बोलता आलं नसतं.

"त्या दिवशी पाणी नितळ होतं," मी सुरू केलं. "मी खोटं बोलले. कारण व्हर्लीन..."

व्हर्लीन माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"बंधाऱ्यावर कोण आहे तो?" ती म्हणाली.

सगळे वळले. तिसऱ्या वाळुंजापाशी एक माणूस पोतं खांद्यावर घेऊन उतारावरून आत उतरत होता. टाकलं, परत वर आला, दुसरं घेतलं. डावा पाय जरा बाहेर टाकत चालत होता. लूडी म्हणाली, ओडमचा गडी असेल. व्हर्लीन म्हणाली, "नाही." मग तिनं तुझं नाव घेतलं. आधी स्वतःशी, मग इतक्या मोठ्यानं की सीडरमधले कावळे उडाले.

तू हात वर केलास. होझिया म्हणतो, ओळख दिली. व्हर्लीन म्हणते, घाम पुसला. मला वाटतं, तुला काहीच ऐकू आलं नसावं.

मग बंधारा मधोमध खचला. आवाज नाही, काही नाही. कुणीतरी खालून आधार काढून घ्यावा तसा वरचा गवताचा पट्टा खाली बसला, तुझ्यासकट. आवाज नंतर आला. मालगाडी पुलावरून जाते तसा, आणि जातच राहिला. आम्ही दीडशे माणसं वर उभी होतो. टेबलं गेली, ओक गेले, चर्च थोडं वळलं, एकदा थांबल्यासारखं झालं आणि मग तेही गेलं. अकरा घरं गेली. माणूस एकच.

तिसऱ्या दिवशी तू रेल्वे पुलाच्या खाली सापडलास. तुला मुलाशेजारी ठेवलंय. शिकागोची माणसं एक आठवडा जास्त राहिली, खड्डा खणायला आणि व्हर्लीनसाठी छप्पर उभारायला. ती सध्या माझ्याकडे आहे. मागच्या खोलीत, तुझ्याच. फार बोलत नाही. पण सकाळी दोन कप मांडते.

लोक आता माझ्याकडे टोपी काढून बघतात. मला ते सोसत नाही. होझियानं विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगणार होतीस गं?" मी म्हटलं, विसरले. चर्चची वही वाहून गेली, खोडलेल्या नावासकट. पास्टरनं नवी आणली आणि पहिलं नाव माझं लिहिलं. गेल्या रविवारी ओडमच्या कोठारात बसून आम्ही प्रार्थना केली आणि पेला माझ्यापर्यंत आला. द्राक्षाचा रस होता, कोमट. मी प्यायले.

तुझी निळी गाडी जुन्या जिनिंगच्या रस्त्यावर उभी होती, झाडांत घालून, कुणाला दिसू नये अशी. मागच्या भागात अजून वाळूची चौदा पोती होती. चौदा तास गाडी चालवून तू आलास आणि टेकडीवरच्या एकाही माणसाला न भेटता, पपांसारखाच, गुपचूप भोक बुजवायला उतरलास. तुझा मला इतका राग येतो, थेरॉन, की कबरीवर बसून मी तुझ्याशी भांडते. सांगितलं होतं ना, भांडण जपून ठेवलंय म्हणून. दोन ओळी लिहिण्यापेक्षा तुला पोती वाहणं सोपं वाटलं.

असं मी परवापर्यंत म्हणत होते.

परवा शेरीफनं गाडीतलं सामान बायको म्हणून व्हर्लीनच्या हवाली केलं. माझी पत्रं होती, चाकूनं नीट फोडलेली, रबर लावून ठेवलेली. त्यांच्या खाली एक बंद पाकीट. वर पास्टर क्लेबोर्न, माउंट नेबो चर्च. व्हर्लीननं ते फोडलं आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्यानं वाचलं. मग मला म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. "पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं.

मी सांगितल्या होत्या तशाच दोन ओळी. खाली सही. तारीख चौदा जुलै.

पाकिटावर तिकीटही लावलेलं होतं, थेरॉन. पेटीत टाकायचं तेवढं राहिलं होतं.

ओझेला